साळ नदीच्या मुखाशी वाळू आणि आत काळा चिखल, असे का?

प्रश्न : दक्षिण गोव्यात साळ नदीच्या मुखाशी असलेल्या मोबोरच्या टोकाला स्वच्छ वाळू आहे, पण तेथून होडीने साळ नदीत थोडे आत गेले की काळा, कुजक्या वासाचा चिखल लागतो. एवढ्याशा अंतरात इतका फरक कसा? आणि मुखाशी साचणारी वाळू उपसली, तर होड्यांची ये-जा अडण्याची मच्छीमारांची अडचण कायमची मिटेल का?
– एक वाचक, बाणावली

उत्तर : साळ नदी समुद्राला सरळ जाऊन मिळत नाही. कोलवा, बाणावली, केळशी येथील वाळूच्या पट्ट्यामागून ती दक्षिणेकडे वाहते आणि बेतूलच्या डोंगराशी आल्यावरच तिला समुद्राची वाट मिळते. मोबोरचा दांडा हे त्याच पट्ट्याचे शेवटचे टोक होय. अशा अडवलेल्या खाडीत कोणता गाळ कोठे बसेल, हे पाण्याच्या जोरावर ठरते. मुखाशी लाटांचा मारा आणि भरती-ओहोटीची ओढ इतकी असते की बारीक माती तेथे टिकतच नाही, फक्त वाळू आणि शिंपल्यांचा चुरा राहतो. त्यातली काही वाळू भरतीबरोबर आत ढकलली जाऊन तिचे उथळ पट्टे तयार होतात. त्यापलीकडे पाणी संथ झाले की नदीने आणलेली माती खाली बसते, आणि खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होत असल्याने ती लवकर बसते. वरच्या अंगाला नदीचा वेग मंदावतो, तेथे पुन्हा जाडाभरडा गाळ पडतो.

चिखलाच्या काळेपणाचे कारण वेगळे आहे. ओहोटीच्या वेळी काठावर काठी खुपसून पाहावे : वर तपकिरी रंगाचा पातळ पापुद्रा आणि खाली काळाकुट्ट थर दिसेल. खारफुटीचा पालापाचोळा कुजताना खालच्या थरातला प्राणवायू संपतो. मग तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. त्याचा लोहाशी संयोग झाला की चिखल काळा पडतो. हाच चिखल उघड्यावर ठेवला, तर वरून हळूहळू तपकिरी होतो. तेव्हा वास आला की सांडपाणीच असणार, असे धरू नये. अर्थात सांडपाण्याने त्यात भर पडते, हेही खरे.

गोव्यातल्याच मांडवी आणि जुवारी या नद्यांना गाळाचा हाच नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. हिमयुगानंतर चढत गेलेल्या समुद्राने बुडवलेल्या त्या दऱ्या आहेत आणि त्यांची मुखे रुंद आहेत. तरीही मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा पट्टा पावसाळ्यात धोक्याचा ठरतो, म्हणून त्या काळात खनिजाचे बार्ज या दोन नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याने जुवारीत उतरत.

आता उपशाविषयी. मुखाशी वाळू आणून टाकण्याचे काम मुख्यतः समुद्राच्या लाटा करतात आणि त्या थांबत नाहीत. पावसाळ्यात नदीचा लोंढा वाळू बाहेर लोटतो, पावसाळा सरल्यावर शांत झालेल्या समुद्राच्या लाटा ती हळूहळू पुन्हा किनाऱ्याशी आणतात. त्यामुळे एकदा खोल केलेली वाट पुन्हा भरणारच. उपसा हा कायमचा उपाय नसून वरचेवर करावा लागणारा खर्च आहे, असेच समजावे, आणि माझ्या मते तो पावसाळा सरल्यावर, मुखाची खोली नव्याने मोजून मगच करावा. दांड्याला मात्र हात लावू नये, कारण तो खचला तर आतल्या संथ पाण्यात लाटा शिरतील आणि आज तेथे आसऱ्याला असलेल्या होड्यांनाच त्याचा पहिला फटका बसेल.