युद्धात आणि राजकारणात विवेक चालतो की रोमँटिक भावना?

तुमचा प्रश्न असा आहे की एनलाइटनमेंटचा (अठराव्या शतकातली बुद्धीला प्रमाण मानणारी युरोपीय चळवळ) विवेक आणि रोमँटिसिझमची (भावनेला वर ठेवणारी नंतरची चळवळ) भावना यातलं राजकारणात, युद्धात खरं कामाला काय येतं. मी प्रशियाचं, म्हणजे बर्लिन राजधानी असलेल्या त्या वेळच्या जर्मन राज्याचं उदाहरण घेतो, कारण १८०६ ते १८१९ मध्ये तिथे दोन्हींचा कस लागला.

त्याआधी युद्ध म्हणजे भूमिती असं मानणारे बरेच होते. ब्यूलो नावाच्या प्रशियन लेखकाने १७९९ मध्ये मांडलं की रसदीच्या तळाच्या दोन टोकांपासून लक्ष्यापर्यंत रेषा काढा, तिथला कोन ९० अंश किंवा जास्त भरला की मोहीम सेफ. क्लाउजेविट्झ या प्रशियन अफसराने १८०५ मध्येच नाव न देता लेख लिहून याची चिरफाड केली. आणि पुढच्याच वर्षी १४ ऑक्टोबरला येना आणि आउअरश्टेट इथे एका दिवसात नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाचा धुव्वा उडवला.

मग १८०७-०८ च्या हिवाळ्यात, बर्लिनमध्ये फ्रेंच सैन्य असताना, फिक्टे या तत्त्वज्ञाने जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं दिली, लोक पेटले आणि १८१३ ला नेपोलियनला हाकललं, अशी गोष्ट नेहमी सांगतात. मला ती अर्धीच वाटते. कारण त्याच काळात ९ ऑक्टोबर १८०७ चा हुकूम निघाला, जमीनदाराला पिढ्यानपिढ्या बांधलेल्या कुळांना मोकळं करण्याचा, मग शार्नहोर्स्ट आणि ग्नाइझेनाउ या सेनाधिकाऱ्यांनी सैन्यातली फटक्यांची शिक्षा जवळजवळ बंद केली, सरदार घराण्याबाहेरच्यांना अफसर व्हायची वाट उघडली, आणि नेपोलियनशी झालेल्या तहाने सैन्यावर ४२,००० माणसांची मर्यादा घातली होती तर थोडी माणसं शिकवून घरी पाठवायची आणि नवीन घ्यायची अशी सोय लावली. हा सगळा थंड डोक्याचा विवेक आहे. ज्याला कालपर्यंत छडीने मारत होतात तो तुमच्या देशासाठी का मरेल हो?

भावनेला मी कमी लेखत नाहीये. मार्च १८१३ मध्ये राजाने जनतेला आवाहन केलं तेव्हा ल्युट्झोवच्या स्वयंसेवक दलात विद्यार्थी आले, प्रत्येकाचे कपडे वेगळ्या रंगाचे म्हणून सगळे काळे रंगवले, त्यातला कवी थिओडोर क्योर्नर २१ व्या वर्षी मारला गेला. वाचताना अजून गलबलतं. पण त्याच वर्षी नेपोलियनला हरवणारी लाइपझिगची लढाई जिंकली ती शिस्तीतल्या फौजांनी, आणि रशिया, ऑस्ट्रिया, स्वीडन सोबत होते म्हणून.

आता विवेक सुटल्यावर काय होतं ते बघा. १८ ऑक्टोबर १८१७ ला वार्टबुर्गच्या किल्ल्यावर विद्यार्थी जमले, लाइपझिगच्या विजयाचा वर्धापनदिन म्हणून, आणि रात्री शेकोटीत सैनिकांना मारायची छडी जाळली, हे योग्यच होतं. पण त्याच आगीत नेपोलियनची कायदेसंहिता आणि झाउल आशर या ज्यू लेखकाचं पुस्तक पण गेलं (प्रत्यक्षात रद्दीच्या गठ्ठ्यांवर नावं लिहून जाळलं, तरी अर्थ तोच). कायद्यापुढे सगळे समान म्हणणारी संहिता जाळायची आणि स्वातंत्र्याच्या घोषणा द्यायच्या! तिथे हजर असलेल्या कार्ल झांडने मार्च १८१९ मध्ये कोत्सेबू या नाटककाराला त्याच्याच घरात खंजीर भोसकून मारलं, देशासाठी म्हणून. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख याला निमित्तच हवं होतं, त्याच वर्षी जर्मन राज्यांवर कार्ल्सबाडचे निर्बंध आले, छापखान्यांवर सेन्सॉर, विद्यापीठांवर सरकारी पहारा, विद्यार्थी संघटनांवर बंदी. पुढे १८४८ पर्यंत जर्मनीने ते सोसलं.