वाचकांचे प्रश्न: डोळ्यांदेखत गेलेल्या बंदुका

मागच्या अंकात मेक्सिको-अमेरिका सीमेवरच्या शस्त्र तस्करीवर लेख होता, त्यात 'फास्ट अँड फ्युरियस' या अमेरिकन सरकारी ऑपरेशनचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न: हे ऑपरेशन नक्की काय होतं? सरकार स्वतःच गुन्हेगारांना बंदुका विकत होतं असं कुठेतरी वाचलं, खरंय का?

सरकारने विकल्या नाहीत. पण विकल्या जाताना बघितलं आणि अडवलं नाही. अमेरिकेत दारू, तंबाखू, शस्त्रं आणि स्फोटकं या सगळ्यावर लक्ष ठेवणारी एक केंद्रीय एजन्सी आहे, एटीएफ, ती न्याय खात्याच्या हाताखाली येते. तिच्या ॲरिझोनामधल्या फिनिक्स ऑफिसने २००९ च्या शेवटी हे ऑपरेशन सुरू केलं. फिनिक्स भागातल्या दुकानांतून काही पोरं एकरकमी रोख पैसे देऊन एके-४७ टाइपच्या रायफली डझनांनी उचलत होती, स्वतःच्या नावावर घ्यायची आणि पुढे मेक्सिकोच्या ड्रग कार्टेलकडे, म्हणजे अमली पदार्थांच्या मोठ्या टोळ्यांकडे, पोचवायची. एटीएफला हे माहीत होतं, दुकानदारच फोन करून सांगत होते. नेहमीची पद्धत अशी की अशा माणसाला गाठायचं, प्रश्न विचारायचे, बंदूक जप्त करायची. फिनिक्सच्या साहेबांनी ठरवलं की छोट्या माशांना हात लावायचा नाही, माल पुढे जाऊ द्यायचा म्हणजे कार्टेलच्या मोठ्या लोकांपर्यंत पोचता येईल. एजंट लोक याला गन वॉकिंग म्हणतात.

साधारण २ हजार बंदुका अशा घेतल्या गेल्या, त्यासाठी त्या टोळीने १५ लाख डॉलरच्या आसपास खर्च केले, आणि ऑपरेशन चालू असताना एटीएफने त्यातल्या जेमतेम शंभरेक जप्त केल्या. एकट्या एका खरेदीदाराने ६०० च्या वर बंदुका घेतल्या!

प्रश्न: ट्रॅकिंग ऑपरेशन म्हणतात मग बंदुका हरवल्या कशा? चिप वगैरे बसवली नव्हती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वाचकांनी विचारलाय आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रॅकिंग म्हटलं की आपल्याला वाटतं मोबाईलवर गाडी दिसते तसं ऑफिसात बसून कोणीतरी नकाशावर ठिपके बघत असेल. तसं काही नव्हतं. चिप बसवण्याचा प्रयत्न आधीच्या एका ऑपरेशनमध्ये थोडाफार झाला होता, त्यात बॅटरीच टिकत नव्हत्या. फास्ट अँड फ्युरियसमध्ये जे ट्रॅकिंग होतं ते मुख्यतः कागदावरचं. बंदूक विकली की दुकानदार नंबर कळवणार, एटीएफ तो नंबर संशयित बंदुकांच्या डेटाबेसमध्ये टाकणार, मग वाट बघायची. कशाची वाट? तर ती बंदूक कुठेतरी पोलिसांच्या हाती लागायची. ती सापडली की नंबर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जातो, तिथे एटीएफचं नॅशनल ट्रेसिंग सेंटर आहे, तिथून कारखाना, घाऊक विक्रेता, दुकान, दुकानातला फॉर्म असा उलटा प्रवास करत पहिल्या खरेदीदारापर्यंत पोचतात. (अमेरिकेत बंदूकमालकांची केंद्रीय नोंद ठेवायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे त्यामुळे दुसरा रस्ताच नाही.)

आता थांबून विचार करा. मेक्सिकोत कार्टेलची बंदूक पोलिसांच्या हाती लागते कधी? बहुतेक वेळा गोळीबारानंतर, खुनाच्या जागी, नाहीतर धाडीत. म्हणजे ही योजना यशस्वी व्हायची असेल तर आधी कुठेतरी गुन्हा घडायला हवा होता, कोणाचं तरी रक्त सांडायला हवं होतं, आणि एवढं होऊन हातात काय येणार तर पहिल्या खरेदीदाराचं नाव, जे यांना पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं! मधल्या साखळीचं काय, सीमा ओलांडल्यावर बंदूक कोणाकडे गेली, हे शोधायची काहीही सोय नव्हती कारण मेक्सिकोच्या सरकारला सांगितलंच नव्हतं. मला हे प्रकरण वाचताना सगळ्यात जास्त राग याचाच येतो. योजना चांगली होती पण अंमलबजावणीत फसली असं कोणी म्हणालं तर ते मला पटत नाही, पुढची पायरीच नव्हती त्या योजनेत.

आणि कोणी बोललंच नाही असंही नाही. जॉन डॉडसनसारखे एजंट गाड्यांमध्ये बसून पाळत ठेवायचे, डोळ्यांसमोर बंदुका डिकीत भरल्या जायच्या, पाठलाग करायचा तर वरून ऑर्डर यायची की सोडा, परत या. त्यांनी साहेबांशी वाद घातला. एका दुकानदाराने तर २०१० च्या जूनमध्ये ईमेल केला की मला तुमची मदत करायचीय पण माझे मित्र बॉर्डर पेट्रोलमध्ये (सीमेवर गस्त घालणारं सरकारी दल) आहेत, त्यांच्या जिवाला धोका होईल असं काही नको. सहा महिन्यांनी तेच झालं.

प्रश्न: ब्रायन टेरीला याच बंदुकीने मारलं का?

१४ डिसेंबर २०१० च्या रात्री ॲरिझोनातल्या रिओ रिकोजवळ पेक कॅन्यनमध्ये बॉर्डर पेट्रोलच्या खास पथकाची एका सशस्त्र टोळीशी गाठ पडली. ही टोळी ड्रग तस्करांनाच लुटणारी होती. गोळीबारात त्या पथकातले एजंट ब्रायन टेरी यांना गोळी लागली आणि ते वाचले नाहीत. जागेवर एके टाइपच्या दोन रायफली सापडल्या, नंबर लावून बघितले तर दोन्ही जानेवारी २०१० मध्ये फिनिक्सजवळ ग्लेनडेलच्या एका दुकानातून घेतलेल्या, आणि घेणारा माणूस एटीएफच्या यादीत आधीच होता.

जीव घेणारी गोळी या दोनपैकी एकातून सुटली का, हे एफबीआयच्या तपासणीत ठामपणे सिद्ध झालं नाही, ते होय किंवा नाही असं सांगू शकले नाहीत. पण रायफली तिथे होत्या आणि त्या अडवता आल्या असत्या. गोळी झाडणाऱ्याला मेक्सिकोत पकडायला २०१७ उजाडलं, २०१९ मध्ये दोषी ठरला, २०२० मध्ये जन्मठेप झाली. रायफली घेणाऱ्याला त्याआधीच, २०१२ च्या डिसेंबरमध्ये, ५७ महिन्यांची शिक्षा झाली होती.

प्रश्न: पण खरेदीदारांना पकडायला कायदा नव्हता का? इतक्या बंदुका एक माणूस घेतो आणि कोणी काही करू शकत नाही हे पटत नाही.

पटण्यासारखं नाहीच, पण यात थोडं तथ्य आहे म्हणून एटीएफची बाजूही सांगायला हवी. ॲरिझोनात सज्ञान माणूस, रेकॉर्ड स्वच्छ असेल तर, एकावेळी कितीही रायफली घेऊ शकतो. दुसऱ्यासाठी बंदूक घेणं हा तेव्हा केंद्रीय कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नव्हता, दुकानातल्या फॉर्मवर खरा खरेदीदार मीच असं खोटं लिहिलं एवढाच आरोप लावता यायचा आणि ते कोर्टात सिद्ध करायचं म्हणजे त्याच्या मनात काय होतं ते सिद्ध करायचं. ॲरिझोनाचे सरकारी वकील म्हणायचे पुरावा कमी आहे, एजंट म्हणायचे वकील अडवतात. काही पत्रकारांनी नंतर हीच बाजू मांडली की एटीएफने मुद्दाम काही सोडलं नाही, वकिलांनी हात बांधले होते.

न्याय खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनी, म्हणजे खात्याच्याच कारभाराची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सगळे कागद बघून जो निष्कर्ष काढला तो मला जास्त विश्वासाचा वाटतो, की एटीएफचं फिनिक्स ऑफिस आणि तिथलं सरकारी वकिलांचं ऑफिस दोघांनाही केस मोठी करायची होती आणि लोकांच्या सुरक्षेचा विचार दोघांनीही पुरेसा केला नाही. कायदा कमजोर होता हे खरं, पण बेरोजगार माणूस हजारो डॉलर कॅश घेऊन आठवड्याला वीस रायफली घ्यायला येतो तेव्हा त्याला थांबवून 'बाबा रे कोणासाठी घेतोस' एवढं विचारायला कुठला कायदा आड येत होता? दुसऱ्यासाठी बंदूक घेणं हा स्वतंत्र केंद्रीय गुन्हा झाला २०२२ मध्ये.

प्रश्न: बुश यांच्या काळातही असंच झालं होतं ना? मग ओबामांनाच का धरलं?

हो झालं होतं. २००६-०७ मध्ये टुसॉनमध्ये 'वाइड रिसीव्हर' नावाचं ऑपरेशन, त्यात ४०० च्या वर बंदुका गेल्या. म्हणजे एकाच राज्यात एकाच एजन्सीने आधी ठेच खाल्ली होती आणि तरी शहाणपण आलं नाही. डेमोक्रॅट लोक हे वारंवार सांगायचे आणि त्यांचं बरोबर होतं, पण आधीच्यांनी केलं म्हणून तुमचं माफ असा त्याचा अर्थ होत नाही, त्यात दुसऱ्या वेळी आकडा कितीतरी मोठा होता.

प्रश्न: ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांना माहीत होतं का? त्यांच्यावर अवमानाचा ठराव झाला होता तो ऑपरेशनसाठीच ना?

ॲटर्नी जनरल म्हणजे न्याय खात्याचे मंत्री, एटीएफ त्यांच्याच खात्यात येते. इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. अवमान ठराव ऑपरेशनसाठी नव्हता, कागदपत्रं न देण्यासाठी होता.

झालं असं की डॉडसन सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्याकडे गेले. ग्रासलींनी जानेवारी २०११ मध्ये न्याय खात्याला पत्र लिहून विचारलं. ४ फेब्रुवारीला खात्याने लेखी उत्तर दिलं की एटीएफने जाणूनबुजून बंदुका जाऊ दिल्या हा आरोप खोटा आहे. हे उत्तर चुकीचं होतं. मार्चमध्ये डॉडसन टीव्हीवर आले आणि सगळं सांगितलं, तरी ते पत्र खात्याने मागे घेतलं डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे दहा महिने एक चुकीचं विधान अमेरिकन संसदेसमोर सरकारी लेटरहेडवर तसंच पडून होतं. मधल्या काळात एटीएफचे हंगामी प्रमुख केनेथ मेलसन यांची बदली झाली, ॲरिझोनाचे मुख्य सरकारी वकील डेनिस बर्क यांनी राजीनामा दिला.

मग हाउसच्या (अमेरिकन संसदेचं कनिष्ठ सभागृह) ओव्हरसाइट कमिटीचे, म्हणजे सरकारी कारभारावर देखरेख करणाऱ्या समितीचे, रिपब्लिकन अध्यक्ष डॅरेल इसा यांनी मागितलं की ते चुकीचं पत्र कसं लिहिलं गेलं आणि नंतर आत काय चर्चा झाली ते कागद द्या. होल्डर म्हणाले ऑपरेशनचे हजारो कागद दिलेत, आमच्या आतल्या चर्चेचे देणार नाही. २० जून २०१२ ला ओबामांनी एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज म्हणजे सरकारच्या अंतर्गत चर्चा गुप्त ठेवायचा विशेषाधिकार वापरला आणि २८ जूनला हाउसने २५५ विरुद्ध ६७ मतांनी होल्डर यांना अवमानासाठी दोषी ठरवलं. पदावर असलेल्या कॅबिनेट मंत्र्याबाबत असं पहिल्यांदाच घडलं. बरेच डेमोक्रॅट सभागृहातून उठून गेले, पण १७ जणांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, कारण बंदूकवाल्यांची संघटना एनआरए या मताची नोंद ठेवणार होती आणि निवडणूक तोंडावर होती. होल्डर यांच्यावर खटला काही झाला नाही, तो चालवायचा होता त्यांच्याच खात्याने. कोर्टातली लढाई चालू राहिली, २०१६ मध्ये न्यायाधीश एमी बर्मन जॅक्सन यांनी सरकारचा दावा फेटाळला आणि मग कुठे कागद बाहेर आले.

होल्डर यांना माहीत होतं का, तर इन्स्पेक्टर जनरल मायकल हॉरोविट्झ यांचा ४७१ पानांचा रिपोर्ट सप्टेंबर २०१२ मध्ये आला, त्यात २०११ च्या सुरुवातीच्या आधी होल्डर यांना या डावपेचांची माहिती होती याचा पुरावा मिळाला नाही असं स्पष्ट म्हटलंय. मात्र १४ अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करावा असंही म्हटलंय. माझं मत विचाराल तर होल्डर यांना बंदुकांसाठी दोषी धरणं अन्यायाचं आहे, पण ते पत्र आणि दहा महिन्यांची टाळाटाळ त्यांच्या खात्याची होती आणि त्यासाठी टेरी यांच्या घरच्यांना उत्तर मिळायला इतकी वर्षं लागायला नको होती.

प्रश्न: बंदूकबंदी आणता यावी म्हणून सरकारने हे मुद्दाम केलं, हे खरं का?

नाही. हा आरोप तेव्हा खूप जोरात होता पण तसा पुरावा कोणालाच मिळाला नाही, ना कमिटीला ना हॉरोविट्झना. सुरुवात फिनिक्समध्ये झाली, व्हाइट हाउसमध्ये नाही. एवढं मात्र खरं की एटीएफच्या काही अधिकाऱ्यांनी ईमेलमध्ये लिहिलं होतं की सीमेवरच्या राज्यांत रायफलींच्या एकगठ्ठा विक्रीची माहिती दुकानदारांकडून सक्तीने मागायच्या नियमासाठी ही केस कामी येईल, आणि तो नियम २०११ मध्ये आलाही. त्यावरूनच संशय वाढला.

प्रश्न: या सगळ्यात मेक्सिकोतले लोक किती मेले याबद्दल कोणीच का बोलत नाही?

कारण वॉशिंग्टनमधल्या भांडणात त्यांना मतच नव्हतं. सगळ्या सुनावण्या बघा, होल्डर विरुद्ध इसा, कागद दिले की नाही दिले, आणि टेरी यांचं नाव, जे यायलाच हवं होतं. पण बंदुका गेल्या मेक्सिकोत. तिथे सामान्य माणसाला कायदेशीर बंदूक घ्यायची तर लष्कराची परवानगी काढून लष्कराच्याच दुकानातून घ्यावी लागते, इतका कडक कायदा त्यांनी केलाय आणि शेजारच्या देशातून ट्रक भरभरून माल येतो. चिवावा राज्याच्या माजी ॲटर्नी जनरलच्या भावाला २०१० मध्ये पळवून नेऊन मारलं, नंतर धाडीत ज्या बंदुका सापडल्या त्यातल्या काही याच ऑपरेशनच्या निघाल्या. २०१६ च्या जानेवारीत मेक्सिकोचा कुप्रसिद्ध ड्रग माफिया एल चापो याला पकडलं तेव्हा त्याच्या अड्ड्यावर सापडलेली पॉइंट फिफ्टी कॅलिबरची रायफलसुद्धा याच यादीतली. २०१२ पर्यंत दोन्ही देशांत मिळून ७०० च्या आसपास बंदुका सापडल्या होत्या. बाकीच्या बहुतेक तेव्हा बेपत्ता होत्या, आणि रायफल नीट ठेवली तर पन्नास वर्षं चालते.

मेक्सिकोच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल मारिसेला मोरालेस यांनी सांगितलं होतं की आम्हाला याची कल्पना दिली नव्हती. २०२० च्या मे महिन्यात, ऑपरेशन बंद होऊन नऊ वर्षं उलटल्यावर, मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री मार्सेलो एब्रार्ड यांनी अमेरिकन सरकारला अधिकृत पत्र पाठवून या ऑपरेशनची सगळी माहिती द्या म्हणून मागणी केली.