कागदावर ६/६, तरी आईंना वर्तमानपत्र का वाचता येत नाही?

तुम्ही लिहिले आहे की आईंच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले, तपासणीच्या कागदावर ६/६ असा शेरा आहे आणि डॉक्टर निकालावर समाधानी आहेत. पण पूर्वी चष्मा काढून सहज वर्तमानपत्र वाचणाऱ्या आईंना त्या डोळ्याने आता एकही ओळ लागत नाही, आणि पांढऱ्या भिंतीही निळसर दिसतात. शस्त्रक्रिया फसली का, हा तुमचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षे डोळ्यांचे नंबर काढण्याचे आणि शस्त्रक्रियेआधीच्या मोजमापाचे काम केले, आणि पुढे माझ्याही दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसली. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून शस्त्रक्रिया फसलेली दिसत नाही. मात्र आईंची तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि ती ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

आधी त्या ६/६ चा अर्थ पाहू. सामान्य डोळा जी ओळ सहा मीटरवरून वाचतो, ती ओळ आईंच्या डोळ्याने सहा मीटरवरूनच वाचली, एवढेच तो आकडा सांगतो. पांढऱ्या पाटीवरची ठळक काळी अक्षरे, चांगला उजेड आणि लांबचे अंतर अशा परिस्थितीतली ती दृष्टी आहे. जवळचे वाचन, संध्याकाळचा मंद उजेड, पायरीची कड यांबद्दल तो आकडा काही बोलत नाही. शिवाय तो चष्म्याशिवायचा आहे की तपासणीच्या काचा लावून काढलेला आहे, हे नीट पाहा, कारण बहुतेक कागदांवर हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात आणि घरी येताना लक्षात राहतो तो चांगला आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी जे निकष सुचवले, त्यांतही हा फरक जपला होता: रुग्ण रोज जसा वावरतो त्या स्थितीत किमान ८० टक्के डोळ्यांची दृष्टी ६/१८ (सामान्य डोळा अठरा मीटरवरून वाचतो ती ओळ सहा मीटरवरून वाचणारी) किंवा त्याहून चांगली असावी, आणि योग्य काचा लावल्यावर किमान ९० टक्के डोळ्यांची. अलीकडच्या मोजणीत ही पातळी ६/१२ पर्यंत उंचावली आहे, पण रुग्णाला घरात प्रत्यक्ष किती दिसते हाच प्रश्न आजही मध्यभागी आहे.

आता वाचनाकडे येते, कारण आईंच्या तक्रारीचे मूळ तिथे आहे. चष्मा काढून वाचता येत होते, म्हणजे त्यांना उणे नंबर होता: जवळचे स्पष्ट, लांबचे अंधुक. उणे तीनचा डोळा चष्म्याशिवाय साधारण ३३ सेंटीमीटरवर, म्हणजे अगदी वाचनाच्या अंतरावर, स्पष्ट पाहतो. शस्त्रक्रियेत धूसर झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात आणि त्याची शक्ती बहुतेक वेळा लांबचे स्वच्छ दिसेल अशी निवडतात. साधे मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर केंद्रित होते आणि आकार बदलत नाही, त्यामुळे लांबचे दिसू लागले की ४० सेंटीमीटरवर वाचण्यासाठी अधिक अडीचच्या आसपासचा चष्मा लागणारच. ज्यांना आयुष्यभर लांबसाठी चष्मा लागला आणि जवळचे मात्र उघड्या डोळ्यांनी दिसले, त्यांचे सगळे जग इथे उलटे होते. झोपण्यापूर्वी उशीपाशी पुस्तक धरून वाचणे, सुईत दोरा ओवणे, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे लावणे, हे सगळे एका दिवसात चष्म्यावर जाते.

ही गोष्ट शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगितली जायला हवी, आणि ती अनेकदा सांगितली जात नाही, याचे मला आजही वाईट वाटते. ‘आज चष्म्याशिवाय कोणती कामे करता, आणि त्यांतले कोणते गमावलेले चालेल?’ हा प्रश्न मोजमापाच्या खुर्चीवर प्रत्येकाला विचारायला हवा. मी स्वतः उणे साडेतीनची होते. मी दोन्ही डोळ्यांत उणे अडीच ठेवायला सांगितले, कारण माझा दिवस वाचनात जातो आणि लांबसाठी चष्मा लावायची सवय मला शाळेपासून आहे. तो निर्णय सगळ्यांसाठी योग्य नाही. मात्र निर्णय घेण्याची संधी सगळ्यांना मिळायला हवी.

नेमका हवा तो नंबर येईल अशी हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही. डोळ्याची लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली, तर नंबर अडीच ते तीन डायऑप्टरने (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात ते) हुकतो. आजची प्रकाशावर चालणारी यंत्रे फार अचूक मोजतात, तरी बसवलेले भिंग पिशवीत नेमके किती मागे-पुढे स्थिरावेल हे आधी सांगता येत नाही. अर्ध्या-पाऊण नंबराचा फरक म्हणूनच दोष मानत नाहीत. तिरका नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) असेल तर तो भरून काढणारे टोरिक भिंग उपयोगी पडते, पण ते ठरलेल्या रेषेवर राहावे लागते: प्रत्येक अंशाच्या फिरण्याने सुमारे ३.३ टक्के परिणाम कमी होतो आणि ३० अंश फिरले तर काहीच उरत नाही. सुरुवातीला पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, थोडी सूज असते, मोतीबिंदू कठीण झालेला असेल तर जास्तच, म्हणून कायमचा चष्मा चार ते सहा आठवड्यांनंतर करावा. तोवर वाचनासाठी तयार मिळणारा चष्मा चालतो.

निळसर दिसण्याची काळजी करू नका. जुने भिंग पिवळे-तपकिरी होऊन वर्षानुवर्षे निळा प्रकाश अडवत होते, तो आता आत येतो आहे. आईंना एकेक डोळा झाकून पांढरा कागद पाहायला सांगा, म्हणजे डाव्या डोळ्याला तोच कागद किती पिवळट दिसतो हे त्यांनाच कळेल. चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांनीही निळेपणाची तक्रार केली होती आणि रंगीत काचा वापरल्या होत्या. मेंदू याला हळूहळू सरावतो. काहींना कानाच्या बाजूला कडेशी काळी चंद्रकोर दिसते, तीही बहुधा काही महिन्यांत लक्षात येईनाशी होते.

नंबराचीच अडचण आहे की आणखी काही, हे घरी ढोबळपणे तपासता येते. जाड कागदाला टाचणीने छिद्र पाडून त्यातून लांबची अक्षरे पाहा. ती स्पष्ट झाली तर अडचण बहुधा नंबराची आहे. झाली नाहीत, तर दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याची) तपासणी करून घ्या, कारण भिंग कितीही चांगले असले तरी दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूचा विकार, काचबिंदूने झालेली हानी किंवा लहानपणापासूनचा आळशी डोळा असेल, तर दृष्टी त्या मर्यादेतच राहते. सुधारलेली दृष्टी चार-सहा आठवड्यांनी पुन्हा मंदावली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आली असण्याची शक्यता असते. मधुमेह असणाऱ्यांत ती अधिक आढळते आणि बहुधा थेंबांनी ओसरते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी धूसरपणा आला, तर भिंगामागची पिशवी अपारदर्शक झालेली असते आणि याग लेसरने काही मिनिटांत वाट मोकळी होते. मात्र दुखणे, लाली आणि झपाट्याने कमी होणारी दृष्टी, किंवा विजेसारखे चमकणे, अचानक काळे ठिपके आणि कडेने सरकणारा पडदा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दृष्टिपटल सुटण्याचा धोका उणे नंबराच्या डोळ्यांत अधिक असतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे: आईंचा डावा डोळा अजून बाकी आहे. त्यातला मोतीबिंदू फार दाट नसेल, तर तोच डोळा त्यांना सध्या चष्म्याशिवाय वाचू देत असेल. त्यात कोणते भिंग बसवायचे हे अजून तुमच्या हातात आहे. तोही लांबसाठी ठेवला तर वाचनाला दोन्ही डोळ्यांना चष्मा लागेल; तो उणे दीड ते दोनवर ठेवला, तर एक डोळा लांबचे आणि दुसरा जवळचे पाहील. अनेकांना हे मानवते, पण काहींना अजिबात नाही, म्हणून आधी काही दिवस डाव्या डोळ्यावर कॉन्टॅक्ट लेन्स लावून तोच फरक अनुभवून पाहता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. एकाहून अधिक अंतरांवर केंद्रित होणाऱ्या मल्टिफोकल भिंगात चष्म्यावरचे अवलंबन कमी होते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात आणि मंद उजेडात रेखीवपणा घटतो. दृष्टिपटलाचा विकार असेल तर मी ते सुचवणार नाही.

आईंचा डाव्या डोळ्याचा जुना नंबर आणि उजव्या डोळ्याचा चष्म्याशिवायचा आकडा इथे लिहा, म्हणजे पुढच्या भेटीत डॉक्टरांशी नेमके काय बोलायचे हे ठरवायला मी मदत करीन.