ग्रीनवुडांचं मूळ आडनाव

प्रश्न : आमची सून मॅसॅच्युसेट्सची, माहेरची ग्रीनवुड. तिचे खापरपणजोबा फ्रेड 1890च्या सुमारास कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेकहून लोवेलच्या कापडगिरणीत आले, एवढंच घरात माहीत आहे. क्यूबेकच्या नोंदींत ग्रीनवुड सापडत नाहीत. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : आधी 'ग्रीनवुड' शोधणं थांबवा. गिरण्यांच्या गावांत आलेल्या अनेक फ्रेंच कुटुंबांच्या आडनावांचं सरळ भाषांतर झालं. रुआचा किंग, लब्लाँचा व्हाइट आणि ब्वाव्हेरचा ग्रीनवुड. ब्वा म्हणजे लाकूड किंवा रान, व्हेर म्हणजे हिरवं. तेव्हा 'ब्वाव्हेर' धरून चाला. तरी एवढ्यावर विसंबू नका. लोवेलमधल्या फ्रेंच कॅथलिक चर्चच्या लग्नाच्या नोंदीत आडनाव मूळ रूपात असण्याची शक्यता जास्त. ती आधी मिळवा.

पुढची अडचण 'दि'ची. जुन्या नोंदींत मूळ आडनाव आणि टोपणनाव यांच्या मध्ये हा शब्द असतो. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'म्हटला जाणारा', आपल्या 'ऊर्फ'सारखा. 1665मध्ये फ्रान्सहून क्यूबेकला आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतले सुमारे 400 सैनिक तिथेच स्थायिक झाले, आणि पलटणीतली टोपणनावं (लाफ्लर, सान्सुसी) पुढे आडनावं झाली. लाँझव्हँ म्हणजे आंझू प्रांताचा, आपल्या 'कर' लागणाऱ्या आडनावासारखंच. ब्वाव्हेर हे आडनाव दनेव्हेर आणि झुबँ या दोन वेगळ्या घराण्यांनी धरलं. म्हणून सगळे ब्वाव्हेर एका कुळातले समजू नका. एक भाऊ मूळ आडनाव लावतो, दुसरा टोपणनाव, असंही सर्रास आढळतं. प्रत्येक पिढीत दोन्ही शोधा.

फ्रेडचा बाप्तिस्मा बहुधा 'जोसेफ आल्फ्रेद' असा नोंदलेला असेल. एकोणिसाव्या शतकात मुलाच्या नावाआधी जोसेफ आणि मुलीच्या आधी मारी लावण्याची रीत होती. मधलं नाव बरेचदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणारे), आणि हाक मारायचं नाव शेवटी. म्हणून शेवटच्या नावाने शोधा. मूल दगावलं तर तेच नाव पुढच्या भावंडाला देत, तेव्हा दफनाची नोंदही पाहा.

मूळ पान उघडलंत की समासात ब, म, स ही अक्षरं (रोमन लिपीत, फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं) दिसतील : बाप्तिस्मा, लग्न, दफन. तारीख आकड्यांत नसून अक्षरी असते, आणि ती बाप्तिस्म्याची. जन्म कधी झाला ते पुढच्या शब्दांत असतं : 'ला व्हेय' म्हणजे आदल्या दिवशी, 'ओझुर्दुई' म्हणजे त्याच दिवशी. हे न वाचल्याने जन्मतारखा एक दिवसाने चुकतात.

मागे जाताना लग्नाच्या नोंदी धराव्यात. एका धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) एकाच नावाची चार-पाच मुलं सापडतात, पण लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्या आईवडिलांची नावं असतात. तीही आईच्या माहेरच्या आडनावासह, कारण क्यूबेकच्या नोंदींत बाईचं माहेरचं नाव आयुष्यभर कायम राहतं. हा फार मोठा आधार आहे. आपल्याकडे सासरच्या नावाआड बाईचं माहेर हरवतं, तसं तिथे होत नाही.

1940च्या दशकापर्यंतच्या नोंदवह्यांच्या फिल्मा द्रुअँ संग्रहात आहेत. 1849पर्यंत पोहोचलात की माँट्रियल विद्यापीठाच्या ऐतिहासिक लोकसंख्या प्रकल्पात 1621पासूनची कुटुंबं जोडलेली मिळतात.

लग्नाच्या नोंदीत 'तिसऱ्या पायरीच्या रक्तनात्याची सूट' (नात्यात लग्न करायला चर्चने दिलेली परवानगी) दिसली तर वर-वधूचे पणजोबा-पणजी सामाईक होते असं समजा. दोन शाखा तिथे मिळतात. आणि वधू विधवा असेल तर आईवडिलांऐवजी तिच्या आधीच्या नवऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. अशा वेळी तिच्या पहिल्या लग्नाची नोंद काढा, आईवडील तिथे सापडतील.