मांडीवरचा रोबो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निपाणीजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) आठ जण आहेत. परदेशातले एक देणगीदार सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ रोबो पाठवायला तयार आहेत. तो घ्यावा का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण आधी बाजारातून एक चांगलं मऊ कापडी मांजर आणा आणि तीन आठवडे ते वापरून बघा. हे का सांगतो, ते ऐका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २८ वृद्धनिवासांतल्या ४१५ जणांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला पारो दिला, दुसऱ्याला तोच पारो यंत्रणा बंद करून, म्हणजे नुसतं खेळणं म्हणून दिला. तिसऱ्या गटाची नेहमीचीच देखभाल चालू ठेवली. १५ मिनिटं, आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोने अस्वस्थता थोडी कमी झाली. खेळण्याशी तुलना केली तेव्हा मात्र फरक दिसला तो एवढाच, की चालू पारोकडे माणसं जास्त बघत होती आणि त्याच्याशी जास्त बोलत होती. अमेरिकेत पारोची किंमत सहा हजार डॉलरच्या आसपास सांगितली जाते. आठांपैकी कोण कापडी मांजराला कुरवाळतं आणि कोण दूर ढकलतं, हे आधी कळलं तर एवढ्या पैशाचा निर्णय डोळसपणे होईल.

जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी पारो बनवला. जपानमध्ये तो २००५ पासून विकला जातो, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. स्पर्श, आवाज, उजेड आणि आपल्याला कसं धरलंय हे तो ओळखतो, मान वळवतो, पापण्या मिटतो. सील निवडण्यामागे विचार असा, की कुत्र्यामांजराची सगळ्यांना सवय असते, त्यामुळे खोटं कुत्रं लगेच खटकतं. सील कुणी जवळून पाहिलेला नसतो. आपल्याकडे कुणी त्याला रेडकू म्हणेल, कुणी कुत्र्याचं पिल्लू. म्हणू द्या, दुरुस्त करू नका. देणगीदारांना एक गोष्ट मात्र लेखी विचारा : बिघडला तर दुरुस्ती कुठे होणार आणि पाठवायचा खर्च कोण करणार?

प्रश्न : रोज किती वेळ आणि कसा द्यायचा? आमच्याकडे मावशींनी तो आजींच्या मांडीवर ठेवला, पण पाच मिनिटांत त्या वैतागल्या.

उत्तर : वस्तू मांडीवर ठेवून मावशी दुसऱ्या कामाला गेल्या, तर बहुधा असंच होतं. पारोचं वजन अडीच किलोच्या वर आहे. अशक्त मांडीला तो जड होतो आणि माणूस अडकल्यासारखा होतो. समोर टेबल, त्यावर उशी आणि उशीवर रोबो ठेवा. मावशींनी शेजारी, आजींच्या नजरेच्या उंचीवर बसावं. चष्मा आणि कानाचं मशीन आधी लावा. टीव्ही बंद करा. आधी मावशींनी स्वतः पाठीवरून हात फिरवावा, मग विचारावं, ‘आजी, तुमच्या गोठ्यात काय काय होतं?’ गाईम्हशींच्या, शेताच्या आठवणी निघाल्या की रोबो बाजूला पडला तरी चालेल, कारण खरं काम त्या बोलण्यानेच होतं. दहा-पंधरा मिनिटं पुरे. हात मागे घेणं, तोंड फिरवणं, कपाळाला आठ्या ही चिन्हं दिसली की लगेच थांबा.

वेळ निवडताना, कोण कधी बेचैन होतं हे लिहून ठेवलेली वही कामाला येते. दिवेलागणीला बेचैनी वाढणारे बरेच असतात. त्यांना ती सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्या, भडका उडाल्यावर देऊ नका. सोवळं पाळणाऱ्या किंवा प्राण्यांची भीती असलेल्या आजींना केसाळ वस्तू देऊच नका. घरच्यांना आधी विचारा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कालपर्यंत शांत असलेलं माणूस आज अचानक ओरडू लागलं, तर रोबो आणू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं, नवीन गोळी, पाणी कमी पडणं, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

प्रश्न : मराठी बोलणारा रोबो मिळेल का?

उत्तर : त्यावर पैसे घालवू नका, असंच आमचं मत. बेळगाव-खानापूरकडचे आजोबा एका वाक्यात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, दात नसल्याने उच्चार अस्पष्ट, मधे लांब थांबे. आवाज ओळखणारी यंत्रणा तिथेच अडखळते. तीच चुकीची उत्तरं पुन्हा पुन्हा ऐकून माणूस जास्त गोंधळतो. दुसरा धोका म्हणजे, असे रोबो बहुतेक कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. २०१७ मध्ये आलेल्या ‘जिबो’ या बोलणाऱ्या घरगुती रोबोच्या मालकांना २०१९ मध्ये त्या रोबोनेच सांगितलं, की सर्व्हर बंद होणार आहेत. न बोलणाऱ्या रोबोला भाषेची अडचणच नाही.

प्रश्न : ही म्हाताऱ्या माणसांची फसवणूक नाही का?

उत्तर : ‘हे जिवंत आहे’ असं आपण होऊन सांगितलं तर आहे. कुणी विचारलं तर साधं खरं सांगा : ‘मशीन आहे, पण हात लावला की आवाज करतं.’ न विचारता मात्र त्यांचा भ्रम तोडायला जाऊ नका. आणि घरच्यांना न विचारता फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

प्रश्न : खानापूरच्या पावसाळ्यात तो टिकेल का? लाईटही जाते.

उत्तर : दमट हवेत केसांना बुरशीचा वास लागतो. पाण्यात कधीच बुडवायचा नाही. पुस्तिकेत सांगितलंय तेच द्रावण मऊ कापडावर घेऊन पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग केस विंचरा. एकाकडून दुसऱ्याकडे देताना दर वेळी पुसणं आणि दोघांचे हात धुणं हवंच. खरूज, उघडी जखम किंवा जुलाब असलेल्याला तो देऊ नका. पारो रात्री लाईट असताना चार्ज करून ठेवा, स्टॅबिलायझर लावून. पारोऐवजी सेलवर चालणारी ‘जॉय फॉर ऑल’ या ब्रँडची रोबो मांजर घेतली तर तिला सी साइजचे चार सेल लागतात. गावात ते सहज मिळत नसतील, तर बेळगावातून जास्तीचा संच आणून ठेवा. महिनाभर वापर नसेल तर सेल काढा, नाहीतर आत गळून संपर्काच्या पट्ट्या गंजतात.