‘डिस्कस अबाउट’ नकोच; आणि ‘विथ’ मुळात कोणाच्या बाजूचा?

प्रश्न असा आहे: ‘टॉक अबाउट’ चालते, तर ‘डिस्कस अबाउट’ चूक का? ‘फाइट विथ’ म्हणजे विरुद्ध लढणे की खांद्याला खांदा लावून लढणे? आणि कुठल्या क्रियापदापुढे कुठले प्रेपोझिशन येते याला काही नियम आहे, की सगळे पाठच करायचे?

‘लेट अस डिस्कस अबाउट धिस’ हे इतक्या वेळा कानावर आदळते की त्याचा निकाल आधी लावतो. ‘डिस्कस’ सकर्मक आहे. ‘डिस्कस द प्लॅन’ एवढेच म्हणायचे. ‘अबाउट’ शिरतो तो मराठीतून, कारण आपण योजनेविषयी चर्चा करतो. ‘चर्चा’ हे नाम, आणि ‘विषयी’ त्या नामाला हवे. इंग्रजी नामालाही ते हवेच असते: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’ निर्दोष आहे. इंग्रजी नामाला थेट कर्म घेता येत नाही, म्हणून त्याला प्रेपोझिशनचा टेकू लागतो. क्रियापदाला तो लागतोच असे नाही. बहुतेक चुका नेमक्या इथे होतात. ‘एम्फसिस ऑन’, पण ‘एम्फसाइझ द पॉइंट’. ‘अ डिस्क्रिप्शन ऑफ द हाउस’, पण ‘डिस्क्राइब द हाउस’. ‘ऑर्डर’, ‘रिक्वेस्ट’, ‘डिमांड’ आणि ‘आन्सर’ सर्वांत जास्त फसवतात, कारण त्यांचे नाम आणि क्रियापद दिसायला एकच. आधी ‘अ’ किंवा ‘द’ असेल तर ते नाम, मग ‘अ रिक्वेस्ट फॉर टाइम’, ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. नसेल आणि कोणी ती क्रिया करत असेल तर ‘रिक्वेस्ट टाइम’, ‘आन्सर द क्वेश्चन’. ‘मॅरी विथ’ हीदेखील याच वळणाची चूक. आपण एखाद्याशी लग्न करतो, इंग्रज माणूस एखाद्याला थेट ‘मॅरी’ करतो.

सगळे पाठ करा, यात तर्क नाही, असे शिकवणाऱ्यांशी माझे भांडण आहे. तर्क आहे. पोलीस ‘सर्च द मॅन’ करतात तेव्हा माणूस समोर उभा असतो आणि हात त्याच्या खिशात असतात. ‘सर्च फॉर द मॅन’ करतात तेव्हा माणूसच बेपत्ता असतो. ‘शूट हिम’मध्ये गोळी लागली, ‘शूट ॲट हिम’मध्ये रोख त्याच्यावर होता, लागली की नाही हे वाक्य सांगत नाही. ‘नो (know) हिम’ म्हणजे ओळख, ‘नो ऑफ हिम’ म्हणजे नाव ऐकून आहे. प्रेपोझिशन मध्ये आले की क्रिया आणि वस्तू यांच्यात अंतर पडते. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, पण पाठांतराच्या आधी तो तपासून पाहावा इतका उपयोगी नक्कीच आहे.

‘डिस्कस’ला हे अंतर का सोसत नाही, ते त्याच्या पोटातच आहे. लॅटिन ‘डिस्कुतेरे’ म्हणजे हलवून, झटकून सुटे करणे. ‘कन्कशन’ आणि ‘पर्कशन’मध्ये तोच हादरा आहे. जुन्या वैद्यकात ‘डिस्कस अ ट्यूमर’ म्हणजे गाठ विरघळवून पांगवणे. वस्तू हातात धरल्याशिवाय ती झटकणार कशी? उलट ‘अबाउट’ हा जुन्या इंग्रजीतला ‘ऑनबुटान’, म्हणजे बाहेरून, भोवताली. ‘टॉक अबाउट’मध्ये आपण विषयाभोवती फिरतो, ‘डिस्कस’मध्ये विषयालाच हात घालतो. दोन्ही एकदम होत नाही.

आता ‘विथ’. त्यासाठीच हे उत्तर लिहायला घेतले.

‘विथ’ म्हणजे सोबत, हा अर्थ नंतरचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा मुख्य अर्थ ‘विरुद्ध, समोरासमोर’. सोबतीसाठी वेगळा शब्द होता, ‘मिड’. जर्मनमधला ‘मिट’ हा त्याचाच भाऊ. पुढे ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली आणि ‘मिड’ संपला. ‘मिडवाइफ’मध्ये मात्र तो अजून जिवंत आहे. तिथे ‘वाइफ’ म्हणजे नुसती स्त्री, आणि ‘मिड’ म्हणजे सोबत: बाळंतिणीजवळ असणारी बाई. ‘मध्ये असणारी’ ही सांगीवांगीची व्युत्पत्ती सोडून द्यावी. ‘विथ’चा मूळ अर्थही असाच संयुक्त शब्दांत टिकला. ‘विदस्टँड’ म्हणजे विरोधात उभे राहणे, जर्मन ‘विडरश्टांट’शी (प्रतिकार) नाते सांगणारे. ‘विदड्रॉ’ म्हणजे मागे ओढणे, ‘विदहोल्ड’ म्हणजे मागे धरून ठेवणे. यातल्या एकातही सोबत नाही.

आणखी मागे गेले की हा शब्द आपल्या घरी पोचतो. त्याचे मूळ इंग्रजी आणि संस्कृत यांच्या सामायिक पूर्वजभाषेतल्या, ‘अलग, दूर’ अशा अर्थाच्या आदिम ‘वि’पर्यंत नेले जाते, त्यावर ‘तर’ हा तुलनेचा प्रत्यय. म्हणजे वियोग, विभाग यांतला आपला ‘वि’! ऋग्वेदात वृत्राला मारायला निघालेला इंद्र म्हणतो, ‘सखे विष्णो वितरं वि क्रमस्व’, मित्रा विष्णू, आणखी दूरवर पाऊल टाक. त्या ‘वितरं’चा आणि इंग्रजी ‘विथ’चा सांगाडा एक आहे. ज्याला आपण जोडणारा शब्द समजतो तो तोडणाऱ्या कुळातला निघावा, याहून सुंदर व्युत्पत्ती मला माहीत नाही.

मग विरोधाची सोबत कशी झाली? काही व्युत्पत्तिकार नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) भाषेतल्या ‘विथ’च्याच भाऊबंद शब्दाचा प्रभाव सांगतात, ते ठीक. पण शिवाय लॅटिनकडे बोट दाखवतात, कारण लॅटिनमध्येही ‘अमक्यासह लढणे’ म्हणजे त्याच्याविरुद्ध लढणे. लॅटिनची गरज काय? मराठीचा ‘शी’ पाहा. शत्रूशी लढणे, मित्राशी बोलणे, व्यापाऱ्याशी व्यवहार, वैर कोणाशी तरी, मैत्रीही कोणाशी तरी. समोरासमोर असणे हा मूळ अर्थ धरला की भांडण आणि संवाद दोन्ही त्यात मावतात. माझ्या मते इंग्रजी ‘विथ’ याच वाटेने गेला: आधी समोर उभा राहणारा, मग समोर बसून बोलणारा, आणि शेवटी शेजारी चालणारा.

म्हणूनच ‘फाइट विथ’ संदिग्ध आहे, सरळ ‘फाइट अगेन्स्ट’ लिहा, हा शैलीच्या पुस्तकी पंडितांचा सल्ला मला आंधळा वाटतो. ‘आर्ग्यू विथ हिम’मध्ये तो समोर आहे आणि उत्तर देतो आहे, ‘आर्ग्यू अगेन्स्ट हिम’ त्याच्या गैरहजेरीतही करता येते. ‘फाइट’ची संदिग्धताही बहुतेकदा वाक्यातच सुटते. पुढे नुसता माणूस आला तर तो सहसा प्रतिस्पर्धी: ‘ही फॉट विथ हिज ब्रदर’. त्याच वाक्यात ‘अगेन्स्ट’ही आला तर ‘विथ’वाला साथीदार: ‘ब्रिटन फॉट विथ फ्रान्स अगेन्स्ट जर्मनी’. तलवार आली तर हत्यार, धैर्य आले तर रीत. नामाकडे पाहा, प्रेपोझिशनला दोष देऊ नका.

तसाच दुसरा पाठ करवलेला नियम: ‘अग्री विथ’ माणसांसाठी, ‘अग्री टू’ वस्तूंसाठी. साफ चूक. ‘आय अग्री विथ युअर प्लॅन’ म्हणजे योजना मला पटते. ‘आय अग्री टू युअर प्लॅन’ म्हणजे मी संमती देतो, ती मनातून पटली असो वा नसो. ‘वी अग्रीड ऑन अ प्लॅन’ म्हणजे दोघांनी मिळून ठरवली. सही करण्यापूर्वी हा फरक माहीत असलेला बरा.

‘शी’चा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. हल्ली ‘त्याच्यासोबत भांडलो’, ‘तिच्यासोबत लग्न केले’ असे सर्रास ऐकू येते. इंग्रजीत ‘मिड’ मेला म्हणून एकट्या ‘विथ’वर सगळा भार पडला. मराठीत ‘शी’ आणि ‘सोबत’ दोन्ही धडधाकट आहेत. भांडण त्याच्याशी होते, लग्न तिच्याशी होते. ‘त्याच्यासोबत भांडलो’ याचा मराठीत अर्थ एकच: आम्ही दोघे मिळून तिसऱ्याशी भांडलो.