गोव्याहून लिस्बनला विमानाने जायला नेमका किती वेळ लागतो?

तुम्ही विचारलंय की एका साइटवर गोवा–लिस्बन प्रवास १० तासांचा दिसतो आणि दुसरीवर १८ तासांचा, मग खरं काय धरायचं? माझी बहीण तिकडे असते, त्यामुळे हा हिशेब मी बऱ्याचदा केलाय.

गोव्यातल्या दाबोळी विमानतळापासून लिस्बनपर्यंत हवाई अंतर साधारण ८,३४० किलोमीटर. त्याला ताशी ८५० ने भागलं की १० तास येतात. पहिल्या साइटने एवढंच केलंय. पण तसं थेट विमानच नाही. पोर्तुगीज अमदानीत दाबोळीहून लिस्बनला विमान जायचं, तेही कराचीला थांबत. डिसेंबर १९६१ मध्ये ते संपलं.

आता बरेच जण आखातात, म्हणजे कतारमधल्या दोहासारख्या ठिकाणी, विमान बदलून जातात. नकाशावर हा उगाच घातलेला वळसा वाटतो, पण पृथ्वीगोलावर गोव्यापासून लिस्बनपर्यंत दोरा ताणून बघा, तो आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या आसपासूनच जातो. गोवा–दोहा २,५६० आणि दोहा–लिस्बन ५,८१०, बेरीज ८,३७०. म्हणजे जेमतेम ३० किलोमीटर जास्त! याउलट दिल्लीमार्गे गेलात तर आधी १,५०० किलोमीटर उत्तरेला चढायचं, आणि एकूण अंतर ९,२७० च्या घरात जातं.

दोहामार्गे हवेतला वेळ साधारण बारा तास धरा, चार आणि आठ. येताना थोडा कमी, कारण वरच्या थरातले पश्चिमेचे वारे तेव्हा पाठीशी असतात. बाकी सगळा वेळ मधल्या विमानतळावर बसण्याचा. तो दोन तास असेल तर प्रवास चौदा तासांत उरकतो, सहा असेल तर झाले तुमचे अठरा. तेव्हा तिकीट घेताना किलोमीटर बघू नका, मधला थांबा बघा.

घड्याळाचाही घोळ असतो. तिकिटावर त्या त्या गावची वेळ छापतात. समजा पहाटे ४ ला निघून दुपारी २ ला पोचलात, तर दहाच तास झाले असं वाटतं. उन्हाळ्यात लिस्बन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे झाले साडेचौदा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळं मागे घेतात, मग मार्चअखेरपर्यंत हा फरक साडेपाच तासांचा.

स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडणार असाल तर जपून. बॅगा सहसा मध्येच उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, आणि त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. दोन तासांत हे होत नाही.

आणखी एक. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळ आहेत. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. माझे मेव्हणे वास्कोचे, दाबोळी घरापासून हाकेच्या अंतरावर. सवयीने बॅगा घेऊन तिथेच जाऊन उभे राहिले, आणि विमान होतं मोपाहून. मग टॅक्सी करून जुवारी, मांडवी ओलांडत थेट पेडण्यापर्यंत पळापळ. विमान मिळालं, पण बहिणीने त्यांना लिस्बनपर्यंत ऐकवलं.